डोळ्याचं गुपित उलगडणारे इब्न अल-हैसम

आमच्या शाळेत प्रकाशाचा धडा आला की मुलांना न्यूटन माहीत असतो. पण त्याच्याही सहा शतकांआधी प्रकाश आणि नजर यांचं कोडं सोडवणारे इब्न अल-हैसम मात्र मुलांच्या ओळखीचे नसतात. आपल्या घरातही त्यांचं नाव क्वचितच निघतं.

त्यांचा जन्म इसवी सन 965 च्या सुमारास इराकमधील बसरा शहरात झाला. पूर्ण नाव अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम. युरोपात ते अल्हाझेन म्हणून ओळखले गेले. गणित आणि खगोलशास्त्रात त्यांचं नाव झालं, तेव्हा मिसरचा फातिमी खलिफा अल-हाकिम याने त्यांना कैरोला बोलावलं. नाईलच्या पुराला आवर घालायचा, हे काम होतं. ते दक्षिणेला अस्वानकडे गेले, नदी पाहिली आणि हे आपल्याच्याने होणार नाही हे ओळखलं. खलिफाचा स्वभाव लहरी, जिवाची भीती. म्हणून त्यांनी वेड्याचं सोंग घेतलं आणि घरात नजरकैद झाले, असं जुने चरित्रकार सांगतात. 1021 मध्ये खलिफा गेला, तेव्हा ते मोकळे झाले.

याच काळात त्यांचा ‘किताब अल-मनाझिर’ हा मोठा ग्रंथ आकाराला आला. त्याआधी युक्लिड, टॉलेमी यांच्यासारखे विद्वान डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसतं, असं मानत. इब्न अल-हैसम यांनी साधी गोष्ट दाखवली. सूर्याकडे पाहिलं की डोळा दुखतो, म्हणजे प्रकाश बाहेरून आत येतो. अंधाऱ्या खोलीत छोट्या छिद्रातून दिव्यांचा प्रकाश भिंतीवर पाडला. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका गायब! आधी प्रयोग, मग निष्कर्ष, ही त्यांची शिस्त. डोळ्याच्या भिंगाबद्दल त्यांची समजूत पुढे चुकीची ठरली, पण दिसलेलं चित्र नसेतून मेंदूपर्यंत जातं, हे त्यांनी मांडलं होतं.

म्हातारपणी अल-अझहरजवळ राहून ग्रंथांच्या नकला करून ते पोट भरत. 1040 च्या सुमारास कैरोत त्यांचा इंतकाल झाला.

ही कहाणी आज सांगायचं कारण तीच नस. काचबिंदू, ज्याला आपण घरात काला मोतिया म्हणतो, तो हीच नस हळूहळू मारतो. बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढलेला असतो. दुखत नाही, आधी बाजूचं दिसणं कमी होतं, त्यामुळे कळतच नाही. मोतीबिंदू ऑपरेशनने बरा होतो, पण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी औषधाने, लेझरने किंवा ऑपरेशनने वाचवता येते.

म्हणून चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्या. अम्मी-अब्बा, भाऊ-बहिणीला हा आजार असेल, शुगर असेल तर आणखी लवकर. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांना न विचारता वापरू नका. डोळा अचानक लाल होऊन खूप दुखला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रमजानमध्ये बरेच जण थेंब बंद करतात. हनफी आणि शाफई मसलकांतले बहुतेक उलमा सांगतात की डोळ्यात औषध टाकल्याने रोजा तुटत नाही. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा, पण थेंब थांबवू नका.

नजर ही अल्लाहची अमानत आहे. ती सांभाळणं आपलं काम.