पंतप्रधानांना न रुचलेले चित्र

शाळा, कचेरी, बँक, सहकारी सोसायटी; कुठेही जा, भिंतीवर पुढाऱ्यांच्या तसबिरी असतातच. चेहरा प्रसन्न, नजर दूरवर, कपाळावर एक आठी नाही. माणूस म्हातारा होतो, तसबीर होत नाही. हा रिवाज ज्याने पाळला नाही असा एक इंग्रज चित्रकार होऊन गेला. त्याचे नाव ग्रॅहॅम सदरलंड. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. चित्रकलेतले मला फारसे कळत नाही. पण मोबदला आणि मालकी यांचा जो प्रश्न त्याच्या आयुष्यात उभा राहिला, तो आमच्याच अभ्यासातला आहे. म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

सदरलंडचा जन्म २४ ऑगस्ट १९०३ रोजी लंडनमध्ये झाला. शाळा संपल्यावर तो डर्बी येथील रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. यंत्रांत मन रमेना, म्हणून १९२१ मध्ये त्याने लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात नाव घातले. धातूच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरून त्याचे ठसे कागदावर घेण्याची कला तो तिथे शिकला. अशा चित्रांना त्या काळी अमेरिकेत चांगले गिऱ्हाईक होते. १९२९ साली न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि ते गिऱ्हाईक नाहीसे झाले. जागतिक मंदी आपण उत्पादनाच्या आणि बेकारीच्या आकड्यांत शिकतो. ती समुद्रापलीकडच्या एका तरुण कलावंताच्या चुलीपर्यंतही पोचली होती. सदरलंडने मग शिकवण्या केल्या, जाहिरातींची पोस्टर्स काढली.

१९३४ मध्ये तो वेल्समधील पेम्ब्रुकशायरला गेला. तिथल्या ओबडधोबड टेकड्या, काटेरी झुडपे आणि वेड्यावाकड्या मुळ्या यांनी त्याला स्वतःची नजर दिली. १९४० ते १९४५ या काळात सरकारी युद्धचित्रकार म्हणून त्याने बॉम्बने पडलेली घरे, खाणी व पोलादाच्या भट्ट्या रंगविल्या. जे मोडले आहे ते मोडलेलेच दाखवायचे, ही सवय त्याच्या हाताला तेव्हा लागली असावी असे मला वाटते.

माणसांची चित्रे त्याने उशिराच हाती घेतली. पहिले चित्र सॉमरसेट मॉम या लेखकाचे, १९४९ चे. दुसरे वृत्तपत्रांचे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक यांचे, १९५१ चे. दोन्ही गाजली. १९५४ मध्ये पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांना ऐंशी वर्षे पूर्ण होत होती. पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या सभासदांनी वर्गणी काढून त्यांचे चित्र भेट देण्याचे ठरविले आणि ते काम सदरलंडला दिले. मोबदला १,००० गिनी, म्हणजे १,०५० पौंड. चर्चिल यांना मानाचा झगा घालून बसायचे होते; सभासदांना मात्र ते सभागृहातल्या नेहमीच्या पोशाखात हवे होते.

चार्टवेल येथील त्यांच्या घरी बैठका झाल्या. आदल्या वर्षीच चर्चिल यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. जनतेपासून ते लपविले होते. सदरलंडने समोर दिसले ते काढले: खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेला, थकलेला, तरीही हटून न उठणारा एक म्हातारा. चर्चिल यांना ते मुळीच आवडले नाही. गंमत अशी, की ते स्वतःही हौशी चित्रकार होते! ३० नोव्हेंबर १९५४ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमधील समारंभात त्यांनी आधुनिक कलेचा नमुना म्हणून चित्राची अशी काही तारीफ केली, की सारी सभा हसली. सदरलंडला ते हसू कसे झोंबले असेल!

चित्र चार्टवेलला गेले आणि पुन्हा कुणाला दिसले नाही. १९७७ च्या डिसेंबरात लेडी चर्चिल वारल्या. पुढच्याच वर्षी उलगडा झाला, की त्यांच्या इच्छेनुसार ते केव्हाच नष्ट केले गेले होते. म्हाताऱ्या नवऱ्याच्या जिवाला लागलेले शल्य दूर करावे, असे त्या माउलीला वाटले असेल. त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे; तरीही त्यांचे करणे मला पटत नाही. पैसे देऊन किंवा भेट म्हणून वस्तू आपली होते. ती घडविणाऱ्याचे नाते त्याने तुटते काय? दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये उतरविले, तेव्हा त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल शिल्पकाराच्या बाजूने दिला आणि मालक झाला तरी त्याच्या हक्कालाही मर्यादा असते हे मान्य केले. सदरलंडच्या वाट्याला असा न्याय आला नाही.

पण तो खचला नाही. १९६० मध्ये त्याला ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मान मिळाला. कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथेड्रलसाठी त्याने संकल्पिलेला, सुमारे ७५ फूट उंचीचा येशूचा विणलेला चित्रपट १९६२ मध्ये तिथे लागला. पुढे जर्मनीचे नेते आडेनाउअर यांनाही त्याने रंगविले. १७ फेब्रुवारी १९८० रोजी तो निवर्तला.

चर्चिल यांच्या चित्रासाठी केलेले कच्चे अभ्यास मात्र शिल्लक राहिले. त्यांपैकी एकाला २०२४ च्या लिलावात साडेसहा लाख पौंडांहून अधिक किंमत आली. मूळ चित्राच्या मोबदल्याशी ताडून पाहा! परंतु मला या आकड्याहून मोठी वाटते ती सदरलंडची हिंमत. ज्यांनी काम दिले ते राज्यकर्ते, ज्याला रंगवायचे तो जगज्जेता. तरी त्याने एक सुरकुतीसुद्धा पुसली नाही. आपला नेताही थकतो, हे भिंतीवर पाहण्याची ताकद आपल्यात येईल, तेव्हा आपल्याकडच्या तसबिरीही बोलू लागतील.