अब्दुल मलिक बिन मरवान आणि नाव नसलेला दीनार

जकातीच्या मसाइलमध्ये सोन्याचा निसाब वीस दीनार असल्याचे आपण वाचतो. या दीनारला इस्लामी रूप देणाऱ्या खलीफाचे जीवन बोधप्रद आहे, आणि वेदनादायकही.

अब्दुल मलिक बिन मरवान यांचे तारुण्य मदीनेत गेले. फिकहचे जाणकार म्हणून तेथे त्यांची ख्याती होती. हिजरी 65 मध्ये (इ.स. 685) वडिलांच्या मृत्यूनंतर ते खलीफा झाले, तेव्हा उम्मत दुभंगली होती. मक्केत हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांच्या हाती हिजाज आणि इराकच्या लोकांनी बैअत केली होती. आपसातील या युद्धापायी अब्दुल मलिक यांना रूमच्या सम्राटाला खंडणी द्यावी लागली.

त्या काळी बाजारात सोने रूमी छापाचे आणि चांदी इराणी छापाची चाले. एकावर क्रूस, तर दुसरीवर अग्निवेदी. हिजरी 66 मध्ये इराणातील बिशापूर येथे इब्ने जुबैर यांच्या पक्षाने चांदीच्या नाण्यावर प्रेषितांचे (स.) नाव कोरले. ज्ञात नाण्यांत हे नाव प्रथम तेथेच आढळते.

हज्जाजने मक्केला घातलेल्या वेढ्यात हिजरी 73 मध्ये हजरत इब्ने जुबैर (रजि.) शहीद झाले. हरमच्या पवित्र भूमीवर मुसलमानांचे रक्त मुसलमानांनीच सांडले. हा डाग कोणत्याही सोन्याने झाकला जात नाही, हे आपण विसरता कामा नये.

विजयानंतर अब्दुल मलिक यांच्या दीनारवर प्रथम तलवारधारी खलीफाची आकृती आली. हिजरी 77 मध्ये (इ.स. 696-97) मात्र तीही हटवली गेली. नव्या दीनारवर कलिमा, सूरह इखलासचा आशय आणि टांकणीचे वर्ष होते. राज्यकर्त्याचे नावही नव्हते. पराभूत पक्षाने नाण्यावर आणलेले प्रेषितांचे (स.) नाव विजेत्याच्या नाण्यावरही कायम राहिले. वजन सुमारे 4.25 ग्रॅम ठरले. या वजनाने वीस दीनारांचे 85 ग्रॅम होतात आणि अनेक देशांतील विद्वान आज तोच निसाब धरतात. आपल्याकडे साडेसात तोळ्यांचा हिशेब रूढ आहे.

हिजरी 86 मध्ये अब्दुल मलिक यांचे निधन झाले. ज्या सत्तेसाठी एवढे रक्त सांडले, ती हातची गेली. चोख वजन तेवढे मागे उरले. वाचकहो, आपला तराजू आणि आपले मतभेद दोन्ही अल्लाहसमोर तोलले जाणार आहेत. अल्लाह आपल्याला दोहोंत न्यायाने वागण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.