जहाजाच्या बरगड्या आणि ब्रुनेल

जहाज फक्त भोक पडल्यामुळे बुडतं असं नाही, ते मधोमध मोडूही शकतं. लाट मध्यावर आली की दोन्ही टोकं खाली झुकतात; टोकं दोन लाटांवर टेकली की पोट खाली येतं. म्हणजे आपला नेहमीचा बीमच! हे ओळखून जहाज पुलासारखं बांधणारे इंजिनिअर म्हणजे इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १८०६ चा, इंग्लंडमधल्या पोर्ट्समथचा. वडील मार्क ब्रुनेल हेही इंजिनिअर. वडिलांच्या थेम्स नदीखालच्या बोगद्यात काम करताना १८२८ मध्ये पाणी घुसलं आणि एकवीस वर्षांचे ब्रुनेल मरता मरता वाचले. पुढे त्यांनी रेल्वे बांधली, पूल बांधले आणि मग जहाजांकडे वळले.

लाकडी जहाजात बरगड्या आडव्या असतात. ब्रुनेल यांनी १८४३ च्या लोखंडी 'ग्रेट ब्रिटन'च्या तळाशी लांबीच्या दिशेने गर्डर घातले. १८४६ मध्ये हे जहाज आयर्लंडच्या किनाऱ्यावर रुतलं. जवळजवळ वर्षभर लाटा खाऊनही ते मोडलं नाही!

मग आलं ६९२ फुटी 'ग्रेट ईस्टर्न'. ब्रुनेल आणि जहाजबांधणारे जॉन स्कॉट रसेल यांनी त्याला पाण्याच्या रेषेपर्यंत दुहेरी कवच दिलं. दोन कवचांमध्ये जवळजवळ तीन फुटांची पोकळी आणि तिच्यात लांबीने जाणाऱ्या पट्ट्या. शिवाय आत पाणी अडवणाऱ्या भिंती. पण हे अवाढव्य धूड पाण्यात ढकलायलाच तीन महिने लागले. खर्च वाढला, लोक हसले. सप्टेंबर १८५९ मध्ये जहाजावरच ब्रुनेल यांना पक्षाघाताचा झटका आला. काही दिवसांतच जहाजावर स्फोट झाल्याची बातमी आली आणि १५ सप्टेंबरला, वयाच्या ५३ व्या वर्षी, ते गेले. आपलं जहाज फसलं, एवढंच त्यांनी पाहिलं.

पुढचं त्यांना कळलंच नाही. १८६२ मध्ये न्यूयॉर्कजवळ खडकाने बाहेरचं कवच ८० फुटांहून जास्त फाडलं, पण आतलं कवच टिकलं आणि जहाज बंदरात पोचलं. १८६६ मध्ये त्याने अटलांटिकखाली तारेची केबल टाकली. १८७० मध्ये तर ते आपल्या मुंबईला आलं आणि इथून एडनपर्यंत केबल टाकत गेलं.

१९१२ च्या 'टायटॅनिक'ला तळ दुहेरी होता, बाजू मात्र एकेरी. हिमनगाने नेमकी बाजूच गाठली. ब्रुनेल यांना जाऊन तेव्हा जवळजवळ ५३ वर्षं झाली होती.