ज्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा निघाली: आगरकर आणि वादातल्या पळवाटा

पुण्यातल्या काही सनातनी मंडळींनी एका माणसाची प्रेतयात्रा काढली होती. अडचण एवढीच, की तो माणूस जिवंत होता. गोपाळ गणेश आगरकर. बालविवाह, विधवांचं केशवपन या रूढी चुकीच्या आहेत असं ते लिहीत आणि त्याची कारणंही देत. त्या कारणांना उत्तर म्हणून आली ती तिरडी!

मुद्दा सोडून माणसावर घसरायचं, हा वादातला सगळ्यात जुना तर्कदोष. तो आजही टिकून आहे. काळेवाडीतल्या एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी मेंटेनन्सचा हिशेब मागतो आणि उत्तर येतं, की तुम्ही तर भाडेकरू, तुम्हाला काय करायचंय? पण हिशेब बरोबर आहे की चूक, हे विचारणारा कोण आहे यावर ठरत नाही.

आगरकरांचा जन्म 14 जुलै 1856 चा, कराडजवळच्या टेंभूचा. घरची गरिबी. कराड, रत्नागिरी, अकोला असं जमेल तिथे शिकत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. तिथे टिळकांशी मैत्री झाली. एम.ए. झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी मिळाली असती, पण पोटापुरतं मिळवून बाकीचं आयुष्य लोकांसाठी देणार, असं त्यांनी आईला पत्रातून कळवलं. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले आणि 1881 मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा त्याचे पहिले संपादक झाले.

पुढचा प्रसंग त्यांच्या चरित्रात बहुतेक वेळा शौर्यकथा म्हणून येतो. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतोय, असे आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने केले. रोख होता दिवाण बर्वे यांच्यावर. आधाराला काही पत्रं होती. बर्वे कोर्टात गेले आणि ती पत्रं बनावट निघाली. 1882 मध्ये टिळक आणि आगरकर दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले 101 दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले. हेतू चांगला होता, छत्रपतींबद्दलची कळकळ खरी होती. पण हेतू चांगला असला म्हणून पुरावा खरा ठरत नाही. आपल्याला पटणारा स्क्रीनशॉट न तपासता फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येकाची चूक हीच असते, आणि ती या दोन अत्यंत हुशार माणसांकडूनही झाली.

सुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी मतभेद वाढले, तसे आगरकर 1887 मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ सुरू केला. विरोधकांचे युक्तिवाद ठरलेले असत. प्रथा जुनी आहे म्हणून ती योग्य. पण जुनी असण्यावरून ती जुनी आहे एवढंच कळतं. सतीची चालही जुनीच होती, ती कायद्याने बंद झाली 1829 मध्ये. दुसरा युक्तिवाद असा, की आज विधवेचे केस राहू दिले तर उद्या धर्म बुडेल. पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी, मधल्या पायऱ्या कुणीच दाखवायच्या नाहीत. बेहरामजी मलबारींनी 1884 मध्ये बालविवाहाविरुद्ध टिपणं काढली, तेव्हा पारशाला हिंदूंच्या घरात नाक खुपसायचं कारण काय, असा सूर निघाला. मुली लहान वयात मरत होत्या, हे पारशाने सांगितलं म्हणून खोटं होतं का?

मरत होत्या हे खरंच होतं. 1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा खटला गाजला. नवऱ्याच्या संबंधामुळे तिचा जीव गेला होता. तेव्हा संमतीचं कायदेशीर वय दहा होतं, म्हणून बलात्काराचा गुन्हा लागू झालाच नाही. 1891 च्या कायद्याने ते वय बारा केलं. आगरकर कायद्याच्या बाजूने होते, टिळक विरोधात. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, ही टिळकांची भूमिका. तिला सरसकट तर्कदोष म्हणणं अन्यायाचं होईल, कारण कायदा कुणी करावा हा खरा राजकीय प्रश्न होता. पण तो वेगळा प्रश्न होता. अशा मुलीचं काय करायचं, याचं उत्तर त्यातून मिळत नव्हतं. एका प्रश्नाला दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देणं ओळखायला सगळ्यात अवघड, कारण ते उत्तर स्वतः चुकीचं नसतं.

आगरकरांची लेखणीही काही मऊ नव्हती. ते बोचरी टिंगल करत, आणि टिंगल म्हणजे काही पुरावा नव्हे. फरक इतकाच, की त्यांच्या टिंगलीच्या आसपास कारणं सापडत.

1892 मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरलं होतं. 17 जून 1895 रोजी, वयाची चाळिशी गाठण्याआधीच ते गेले. इतकी वर्षं ज्यांच्याशी कडाडून भांडण चाललं, त्या टिळकांनीच ‘केसरी’त त्यांचा मृत्युलेख लिहिला.