एकोणचाळीसचा हंगाम

आपल्या बॅचमधले जे बाहेरगावी आहेत त्यांनी आपापल्या गावातल्या एखाद्या नावाजलेल्या माणसाविषयी लिहावं, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. मी गेली सव्वीस वर्षं अमेरिकेत आयोवा सिटीला राहते. चारी बाजूंना मक्याची आणि सोयाबीनची शेतं, मधून वाहणारी नदी आणि विद्यापीठाच्या जिवावर चालणारं गाव. इथे कुणालाही विचारा, एकच नाव सांगतील, नाइल किनिक. गावातलं सर्वांत मोठं स्टेडियम त्याच्या नावाचं आहे. तो कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळायचा आणि त्याला जाऊन ऐंशीहून जास्त वर्षं झाली.

फुटबॉल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतो तो खेळ हा नव्हे. इथला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि बराच वेळ हातातच असतो. तो घेऊन समोरच्यांच्या हद्दीतल्या शेवटच्या रेषेपलीकडे घुसायचं आणि त्यांनी अंगावर पडून अडवायचं. आपल्या कबड्डीत चेंडू घातला तर जे होईल, साधारण ते. रेषेपलीकडे गेलात की टचडाउन, त्याचे सहा गुण. मग लाथ मारून चेंडू दोन खांबांमधून पाठवलात की आणखी एक. एवढं कळलं तरी पुढचं समजेल. कॉलेजच्या संघांचं इथल्या लोकांना जे वेड आहे ते आपल्याकडे रणजीलाही कधी पाहिलं नाही. कॉलेजची पायरीही न चढलेली आजीबाई शनिवारी काळा-सोनेरी टी-शर्ट घालून टीव्हीसमोर बसते.

माझ्या शेजारी एक आजोबा राहत. १९३९ साली ते अकरा वर्षांचे होते. त्या वर्षीच्या आठही सामन्यांचे गुण त्यांना पाठ होते आणि आपण पाढे म्हणायचो तशा चालीत ते म्हणून दाखवत. त्यातला एकही सामना त्यांनी मैदानावर जाऊन पाहिला नव्हता, सगळे घरच्या रेडिओवर ऐकलेले. तरी कोण कुठून धावला हे सांगताना त्यांचा हात जेवणाच्या टेबलावर अचूक वळणं घ्यायचा. मिठाची डबी म्हणजे किनिक असायची. त्यांच्याकडून ऐकल्यावर मी बाकीचं वाचत गेले.

किनिकचा जन्म ९ जुलै १९१८चा, आयोवातल्याच एडेल या छोट्या गावातला. त्याच्या आईचे वडील, जॉर्ज क्लार्क, १९१३ ते १९१७ या काळात आयोवाचे गव्हर्नर होते. घर शिकलेलं, शिस्तीचं, ख्रिश्चन सायन्स पंथाचं. नाइल तीन भावांत थोरला. लहानपणी तो बेसबॉलही खेळायचा. त्या खेळात आपल्या यष्टिरक्षकासारखा चेंडू झेलणारा एक जण बसतो, ती त्याची जागा. आणि समोरून चेंडू टाकायला जवळच्याच गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा असे, बॉब फेलर. हा फेलर पुढे अमेरिकेतल्या सर्वांत वेगवान गोलंदाजांपैकी एक ठरला. एका तालुक्याच्या मैदानावर ही दोन पोरं एकाच वेळी खेळत होती!

मग मंदी आली. मक्याला भाव उरला नाही, जमिनींच्या किमती कोसळल्या आणि किनिकच्या वडिलांना गाव सोडावं लागलं. १९३४ मध्ये ते शेजारच्या राज्यात, ओमाहा शहरात, फेडरल लँड बँकेच्या नोकरीवर गेले. शेतमालाचा भाव पडला की घर कसं हलतं, हे आपल्या वर्गातल्या निम्म्या जणांना मी सांगायला नको. हा हंगाम इथल्या लोकांच्या मनात एवढा खोल का रुतला, त्याचं अर्धं उत्तर मला वाटतं इथेच आहे. दहा वर्षं या राज्याने फक्त पडझड पाहिली होती.

शाळा संपवून किनिक आयोवा विद्यापीठात परत आला. संघाची अवस्था राज्यासारखीच होती. १९३७ मध्ये आठांपैकी एक सामना जिंकला. १९३८ मध्येही एकच, आणि एक बरोबरीत सुटला. त्या दुसऱ्या वर्षी किनिकचा घोटा दुखावला होता. पंथाच्या श्रद्धेनुसार त्याने औषधोपचार घेतले नाहीत आणि तसाच खेळत राहिला. मला हे वागणं पटत नाही, पण मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली बाई, माझं मत तसंच असणार.

१९३९ साठी नवे प्रशिक्षक आले, एडी अँडरसन. हे गृहस्थ डॉक्टर होते. सकाळी रुग्णालयात काम करायचं आणि दुपारी मैदानावर यायचं, असा त्यांचा दिवस. तरुणपणी ते नोत्र दाम विद्यापीठाकडून खेळले होते, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. त्यांनी पोरांना एवढं पळवलं की पुष्कळ जण सोडून गेले. उरले ते मोजके. त्या काळी नियमही असे होते की बाहेर गेलेल्या खेळाडूला त्याच पावातासात परत येता येत नसे. म्हणून तेच अकरा जण चढाई करायचे, तेच अडवायचे, आणि काही सामन्यांत पूर्ण साठ मिनिटं तेच मैदानावर असायचे. लोकांनी त्यांना नाव दिलं ‘आयर्नमेन’, लोखंडी माणसं. किनिक त्यात सर्वांत धिप्पाड नव्हता. पाच फूट आठ इंच, बस. पण धावायचा तो, चेंडू फेकायचा तो, लाथही मारायचा तो.

पहिला सामना साउथ डकोटाशी, ४१-०. तो सोपाच होता. दुसरा इंडियानाशी. शेवटची काही मिनिटं उरलेली, आयोवा २६-२९ मागे. लाथ मारून तीन गुण घेतले असते तर बरोबरी नक्की झाली असती. किनिकने ते न करता चेंडू फेकला आणि कर्णधार अर्विन प्रासीने तो रेषेपलीकडे पकडला. ३२-२९. दोन वर्षांत दोन सामने जिंकलेल्या संघाने बरोबरी नाकारली, याचं माझ्या शेजारच्या आजोबांना शेवटपर्यंत अप्रूप होतं. इथे ते नेहमी थांबत आणि पाणी पीत.

तिसऱ्या सामन्यात मिशिगनने ७-२७ असं लोळवलं. त्यांचे सत्तावीसच्या सत्तावीस गुण एकट्या टॉम हार्मनने केले. मग विस्कॉन्सिनवर १९-१३. पर्ड्यूशी झालेला सामना ४-० असा विचित्र गुणांनी जिंकला. समोरचा गडी स्वतःच्याच शेवटच्या रेषेमागे पकडला गेला तर आपल्याला दोन गुण मिळतात, आणि आयोवाने हे दोनदा केलं. टचडाउन एकही नाही.

११ नोव्हेंबरला नोत्र दामचा संघ आयोवा सिटीत आला. तोवर एकही सामना न हरलेला, देशभर दबदबा असलेला, आणि अँडरसन यांचा स्वतःचा जुना संघ. मध्यंतराच्या थोडं आधी किनिक चेंडू घेऊन रेषेपलीकडे घुसला आणि वरचा एक गुणही त्यानेच मिळवला. चेंडू जमिनीवर टेकवून उसळताच लाथ मारायची, अशी ती जुन्या पद्धतीची लाथ होती. नोत्र दामनेही पुढे टचडाउन केलं, पण त्यांची वरच्या गुणाची लाथ चुकली. ७-६. उरलेला सगळा वेळ किनिकने लांबच लांब लाथा मारून त्यांना मागे रेटलं. त्या दिवशी त्याने सोळा वेळा चेंडू दूर धाडला, एकूण ७३१ यार्ड. अखेरची लाथ ६३ यार्डांची होती आणि चेंडू त्यांच्या रेषेपासून अवघ्या सहा यार्डांवर मैदानाबाहेर गेला. मिठाच्या डबीचा प्रवास इथे टेबलाच्या कडेपर्यंत व्हायचा.

पुढच्या शनिवारी मिनेसोटा. शेवटचा पावतास सुरू झाला तेव्हा आयोवा ०-९ मागे. किनिकच्या दोन फेकी, एक प्रासीने पकडली, दुसरी बिल ग्रीनने. १३-९. लोक मैदानात घुसले आणि त्यांनी गोलचे खांबच उखडले. शेवटचा सामना नॉर्थवेस्टर्नशी. त्यात किनिकचा खांदा निखळला आणि त्याला बाहेर काढावं लागलं. तोवर तो सलग ४०२ मिनिटं मैदानावर होता. सामना ७-७ सुटला. जिंकले असते तर विभागाच्या विजेतेपदात वाटा मिळाला असता.

आठ सामने, सहा विजय. अव्वल क्रमांकही नाही, नववा. इथल्या दुसऱ्या हंगामांत याहून जास्त विजय मिळाले आहेत, पण त्यांचे गुण कुणी पाठ म्हणत नाही. आकडा एकच सांगते. त्या वर्षी आयोवाने केलेल्या १३० गुणांपैकी १०७ गुणांत किनिकचा हात किंवा पाय होता.

देशातल्या सर्वोत्कृष्ट कॉलेज खेळाडूला मिळणारी हाइजमन ट्रॉफी त्याला मिळाली. त्याच सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटलं होतं. न्यूयॉर्कला ट्रॉफी स्वीकारताना त्याने आधी संघातल्या सोबत्यांचे आणि प्रशिक्षकांचे आभार मानले आणि मग म्हणाला की आपण युरोपच्या रणांगणात नसून आपल्या मध्य-पश्चिमेच्या मैदानांवर खेळतो आहोत, याबद्दल देवाचे आभार. एकवीस वर्षांचा मुलगा बोलत होता. त्या वर्षीचा अमेरिकेतला सर्वोत्तम पुरुष खेळाडू म्हणूनही पत्रकारांनी त्यालाच निवडलं, मुष्टियोद्धा जो लुईसला मागे टाकून.

फुटबॉलचे चाहते इथवर येऊन थांबतात. मला मात्र पुढचा किनिक जास्त आवडतो. व्यावसायिक फुटबॉलसाठी ब्रुकलिनच्या संघाने त्याच्यापुढे त्या काळी मोठी असलेली रक्कम ठेवली. घरची परिस्थिती पाहता ती कुणीही घेतली असती. त्याने नाही म्हटलं आणि कायदा शिकायला आयोवातच राहिला. १९४० च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार वेंडेल विल्की प्रचाराला आयोवात आले, तेव्हा सभेत त्यांची ओळख करून द्यायला किनिक उभा राहिला. आजोबांसारखा तोही एक दिवस गव्हर्नर होणार, असं लोक बोलू लागले. मग त्याने नौदलाच्या हवाई दलात नाव घातलं आणि १९४१च्या डिसेंबरात, पर्ल हार्बरच्या तीन दिवस आधी, त्याला बोलावणं आलं. त्याची पत्रं आणि दैनंदिनी जपून ठेवलेली आहेत. त्यांत मैदानावरचा वीर फारसा दिसत नाही. काळ्या लोकांना मिळणारी वागणूक त्याला खुपली, तेही त्याने लिहून ठेवलं आहे. गोऱ्या घरातल्या लाडक्या खेळाडूने १९४० च्या सुमारास हे लिहिणं साधं नव्हतं.

२ जून १९४३. व्हेनेझुएलाजवळच्या पारिया आखातात, लेक्सिंग्टन या विमानवाहू जहाजावरून सरावासाठी उडालेल्या त्याच्या विमानातून तेल गळू लागलं. किनारा गाठणं शक्य नव्हतं. जहाजाच्या धावपट्टीवर उड्डाणासाठी विमानं गर्दी करून उभी होती. त्याने नियमाप्रमाणे विमान पाण्यावर उतरवलं. आठ मिनिटांत होड्या तिथे पोचल्या. पाण्यावर तेलाचा तवंग होता, बाकी काही नाही. देह मिळाला नाही. पंचविसावं पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता.

तो मिशिगनचा हार्मन, तोही वैमानिक झाला होता. त्याच वर्षी त्याचं विमान दोनदा कोसळलं, एकदा दक्षिण अमेरिकेच्या जंगलात आणि एकदा चीनमध्ये. दोन्ही वेळा तो चालत परत आला. याचं काय करायचं, मला कळत नाही.

किनिकचा धाकटा भाऊ बेन हाही लष्करी वैमानिक होता. १९४४ मध्ये तोही गेला. एका घरातले दोन मुलगे सव्वा वर्षात.

युद्ध संपलं तेव्हा स्टेडियमला नाइलचं नाव द्यावं, अशी मागणी झाली. वडिलांनी ती मानली नाही. एवढी मुलं गेली असताना आपल्या एकाच मुलाचं नाव वेगळं काढणं त्यांना योग्य वाटलं नाही. या गोष्टीत मला सर्वांत मोठा माणूस हाच वाटतो. आपण घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने शाळेला पंखा दिला तरी पात्यावर नाव रंगवून घेतो. गंमत म्हणजे तिकडे टोकियोत अमेरिकी फौजांनी ताब्यात घेतलेल्या मेइजी मंदिराच्या मैदानाला किनिकचं नाव दिलं गेलं. पुढे त्याच जागी राष्ट्रीय स्टेडियम उभं राहिलं आणि १९६४ चं ऑलिंपिक तिथे झालं. म्हणजे जपानमध्ये त्याच्या नावाचं मैदान होतं आणि त्याच्या स्वतःच्या गावात नव्हतं. सीडर रॅपिड्सच्या एका वृत्तपत्राचे क्रीडा संपादक गस श्रेडर यांनी हा विषय पुन्हा लावून धरला आणि १९७२ मध्ये वडिलांच्या संमतीने किनिक स्टेडियम हे नाव लागलं.

बाहेर त्याचा उंच पुतळा आहे, २००६ मध्ये बसवलेला. अंगावर खेळाचा पोशाख नाही, साध्या कपड्यांतला विद्यार्थी आहे. शिरस्त्राण पायाशी ठेवलेलं. मैदानात जाताना आयोवाचे खेळाडू त्याला हात लावून जातात, आपण देवळात शिरताना उंबऱ्याला लावतो तसा. आत जवळजवळ सत्तर हजार माणसं बसतात आणि १९३९ पाहिलेलं त्यांत आता बहुधा कुणी नसतं. सामन्याआधी हाइजमनच्या वेळच्या त्याच्या भाषणाचा तुकडा लावतात. जुनी ध्वनिफीत, जरा खरखरणारा तरुण आवाज. एरवी कान किटवणारी ही गर्दी तेवढा वेळ गप्प असते. मग नाणेफेक होते. नाण्यावर त्याचाच चेहरा असतो.