लॉर्ड ब्रूम : सॉलिसिटरांना न रुचलेला सुधारक

हेन्री ब्रूम (१७७८–१८६८) हे नाव आज अनेकांना बग्गीच्या एका प्रकारामुळे माहीत असते. त्यांचे खरे काम इंग्लंडच्या न्यायालयांत आहे. एडिंबरोत जन्मलेल्या या वकिलाने १८२० मध्ये राणी कॅरोलाइनचा बचाव करून नाव कमावले. १८२८ मध्ये त्यांनी संसदेत न्यायव्यवस्थेच्या दोषांवर सहा तासांहून अधिक भाषण केले. किरकोळ येणे वसूल करायलाही तेव्हा बहुधा लंडनच्या वरिष्ठ न्यायालयांची पायरी चढावी लागे. खर्च कित्येकदा येण्याहून जास्त.

१८३० मध्ये लॉर्ड चॅन्सेलर झाल्यावर ब्रूमनी स्थानिक न्यायालयांचा प्रस्ताव आणला. सॉलिसिटरांची संस्था, आजची लॉ सोसायटी, तेव्हा नवीच होती. तिला १८३१ मध्ये सनद मिळाली. लंडनच्या सॉलिसिटरांचे पोट राजधानीत एकवटलेल्या खटल्यांवर चाले, तेव्हा विरोध होणारच होता. बॅरिस्टरही राजी नव्हते. १८३३ मध्ये लॉर्डांच्या सभागृहात विधेयक थोड्या मतांनी पडले. त्याच वर्षी ब्रूमच्या पुढाकाराने प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समिती मात्र उभी राहिली. मुंबईची अपिले पुढे शतकाहून अधिक काळ तिथे जात.

काउंटी न्यायालये अखेर १८४६ च्या कायद्याने आली, २० पौंडांपर्यंतच्या दाव्यांसाठी. तोवर ब्रूमना पद सोडून जवळपास १२ वर्षे झाली होती.