परजीवीच्या जीवनचक्राचा शोध घेणारे फ्रिट्झ शॉडिन

जबलपूर : येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ साली सुरू झाले आणि आज ते नानाजी देशमुख पशुवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. येथे काय किंवा नागपूर, मुंबई, परभणीच्या महाविद्यालयांत काय, परजीवीशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक वर्तुळाकार आकृती तोंडपाठ करावी लागते. कोंबड्यांच्या आतड्यात ‘कॉक्सिडिओसिस’ म्हणजेच रक्ती हगवण घडवून आणणाऱ्या ‘आयमेरिया’ या एकपेशीय परजीवीचे ते जीवनचक्र असते. या वर्गातील परजीवींचे संपूर्ण चक्र उलगडण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, ते जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फ्रिट्झ शॉडिन वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी निधन पावले.

शॉडिन यांचा जन्म १९ सप्टेंबर १८७१ रोजी पूर्व प्रशियातील एका खेड्यात झाला. बर्लिन विद्यापीठात ते आले भाषाशास्त्र शिकण्यासाठी, पण लवकरच प्राणिशास्त्राकडे वळले. समुद्रातील कवचधारी एकपेशीय जीवांवर संशोधन करून १८९४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १८९८ मध्ये सहकारी फ्रिट्झ र्‍योमर यांच्यासह ते उत्तर ध्रुवीय प्रदेशातील स्पिट्झबर्गेनच्या मोहिमेवर गेले. मात्र त्यांचे नाव झाले ते सूक्ष्मदर्शकाखाली चिकाटीने केलेल्या निरीक्षणांमुळे.

त्या काळी कॉक्सिडिया हे मोठे कोडे होते. प्राण्यांच्या विष्ठेत जाड कवचाची अंड्यासारखी बीजे सापडत, तर आतड्याच्या पेशींत अगदी वेगळ्या रूपाचे, फुटून अनेक होणारे जीव दिसत. हे दोन स्वतंत्र प्राणी आहेत, असेच अनेक अभ्यासक मानत. दगडाखाली राहणाऱ्या गोमेच्या आतड्यातील कॉक्सिडियाचा शॉडिन यांनी पिच्छा पुरवला. पोलिश संशोधक मिखाल शेडलेत्स्की यांच्यासह १८९७ मध्ये आणि पुढे १९०० मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात त्यांनी दाखवून दिले की, ही दोन्ही रूपे एकाच जीवाची आहेत. तो आधी पेशीत शिरून विभाजनाने वाढतो, नंतर त्यातून नर व मादी रूपे तयार होतात, त्यांच्या मीलनातून कवचबंद बीज बनते आणि ते शरीराबाहेर पडते. फ्रान्सचे पॉल-लुई सिमाँ यांचे कामही त्याच सुमारास याच दिशेने चालले होते. प्लेगचा प्रसार पिसवांमार्फत होतो, हे पुढे १८९८ मध्ये भारतीय उपखंडातील साथीच्या काळात मांडणारे सिमाँ ते हेच.

गोमेत सापडलेले हे सूत्र कोंबडीलाही लागू पडले. विष्ठेतून पडलेले बीज ओलसर, उबदार व हवेशीर गादीत एक-दोन दिवसांत पक्व होते. दाण्या-पाण्याबरोबर ते पिलाच्या पोटात गेले की त्याचे कवच फुटते आणि आतील आठ जंतू आतड्याच्या पेशींत शिरतात. विभाजनाच्या दोन-तीन फेऱ्यांत हजारो पेशी नष्ट होतात. पिले मलूल होतात, पिसे फुलवून बसतात, खाणे सोडतात आणि विष्ठेतून रक्त पडू लागते. सुमारे आठवडाभरात नवी बीजे बाहेर पडतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. रक्त दिसेपर्यंत आतड्याची बरीच हानी होऊन गेलेली असते. म्हणूनच औषधांचा भर परजीवी पेशींत वाढत असतानाच त्याला रोखण्यावर असतो. बीजाचे कवच नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही, पण पक्व होण्यासाठी त्याला ओल लागते. शेडमधील तुसाची गादी कोरडी ठेवा, ती खाली-वर करा आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला थर काढून टाका, हा कुक्कुटपालकाला दिला जाणारा सल्ला याच ज्ञानावर उभा आहे.

१९०१ ते १९०४ या काळात शॉडिन एड्रियाटिक किनाऱ्यावरील रोविन्यो येथील प्राणिशास्त्रीय केंद्रात होते. १९०२ मध्ये त्यांनी एकपेशीय जीवांच्या अभ्यासाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. माणसाच्या आतड्यातील निरुपद्रवी अमीबा आणि आमांश घडवणारा अमीबा यांतील फरक त्यांनी १९०३ मध्ये स्पष्ट केला. त्याच काळात त्यांच्या हातून एक मोठी चूकही घडली. डासाने शरीरात सोडलेला हिवतापाचा जंतू थेट तांबड्या रक्तपेशीत शिरताना आपण पाहिला, असे त्यांनी जाहीर केले. त्यांच्या नावाचा दबदबा इतका होता की हे विधान अनेक दशके पाठ्यपुस्तकांत टिकून राहिले.

पुढे बर्लिनमध्ये उपदंशाच्या एका कथित जंतूची शहानिशा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. ३ मार्च १९०५ रोजी त्वचारोगतज्ज्ञ एरिश हॉफमन यांच्यासोबत काम करताना त्यांना ताज्या नमुन्यात अतिशय फिकट, मळसूत्रासारखा जंतू दिसला. शतकानुशतके युरोपला ग्रासणाऱ्या रोगाचे कारण हाती आले होते. तरीही पहिल्या निवेदनांत त्यांनी कोणताही ठाम दावा केला नाही. या शोधाने त्यांना जगभर कीर्ती मिळाली.

ती कीर्ती उपभोगण्यास त्यांना जेमतेम वर्ष मिळाले. १९०६ मध्ये ते हॅम्बुर्गच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत रुजू झाले. लिस्बन येथील आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेहून परतताना अमीबाच्या संसर्गाने झालेल्या गळूमुळे त्यांच्यावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. संशोधनासाठी त्यांनी हा संसर्ग स्वतःच ओढवून घेतला असावा, असे मानले जाते. २२ जून १९०६ रोजी हॅम्बुर्ग येथे त्यांचे निधन झाले.

शॉडिन यांनी घालून दिलेल्या वाटेने इतर पुढे गेले. १९१० मध्ये ब्रिटनमध्ये हॅरोल्ड फँटम यांनी पक्ष्यांतील आयमेरियाचे जीवनचक्र वर्णिले, तर १९२९ मध्ये हार्वर्डच्या अर्नेस्ट टायझर यांनी कोंबड्यांत एकच नव्हे, तर अनेक जातींचे आयमेरिया असतात आणि प्रत्येक जात आतड्याचा ठराविक भाग व्यापते, हे सविस्तर सिद्ध केले.

शॉडिन यांची हिवतापाविषयीची चूक मात्र १९४८ मध्ये, म्हणजे जबलपूरचे महाविद्यालय सुरू झाले त्याच वर्षी, दुरुस्त झाली. भारतीय वैद्यकीय सेवेत दीर्घकाळ काम केलेले हेन्री शॉर्ट आणि त्यांचे सहकारी सिरिल गार्नहॅम यांनी दाखवून दिले की, हा जंतू रक्तात शिरण्यापूर्वी यकृताच्या पेशींत वाढतो. रक्तापूर्वी ऊतीच्या पेशींत विभाजनाने वाढण्याची ही रीत, शॉडिन यांनी गोमेच्या आतड्यात स्वतः पाहिलेल्या रीतीशी जुळणारी होती. तेथे त्यांनी परजीवीचा प्रत्येक टप्पा क्रमाने तपासला होता आणि ते वर्णन सव्वाशे वर्षांनंतरही ग्राह्य मानले जाते.